फाइलीचं मेथॉडिस्ट चॅपल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या उत्तर समुद्राकाठी फाइली नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथल्या मेथॉडिस्ट मंडळीबद्दल मला सतत प्रश्न येतात. विचारणारे बरेचसे आपल्याकडच्या मेथॉडिस्ट घरांतले असतात. काही जण नोकरीशिक्षणासाठी यॉर्कशरमध्ये राहतात, तर काहींनी ‘फाइली जिंकली’ ही गोष्ट संडे स्कूलमध्ये ऐकलेली असते. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. आधी साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. फाइली नेमकं कुठे आहे? ते गाव आहे की शहर?

यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, स्कारबरो आणि ब्रिडलिंग्टन यांच्या मध्ये. आज ते शहर म्हणवतं. १८४६ साली रेल्वे आली आणि हवापालटासाठी येणाऱ्यांची वस्ती वाढली. या पानावरचा इतिहास मात्र मुख्यतः त्याआधीच्या छोट्या गावाचा आहे.

गावाच्या उत्तरेला खडकाची एक लांब जीभ समुद्रात घुसलेली दिसते, तिला फाइली ब्रिग म्हणतात. इथे बांधीव बंदर नाही. होड्या वाळूवरच लागायच्या आणि कोबल लँडिंग नावाच्या उतारावर ओढून ठेवायच्या. कोबल म्हणजे इथली होडी: नाळ उंच, मागचा भाग सपाट. लाटांकडे नाळ ठेवून मागच्या बाजूने वाळूवर टेकता यावं म्हणून ती तशी बांधतात.

२. मेथॉडिस्ट म्हणजे कोण? थोडक्यात सांगा.

जॉन वेस्ली (१७०३–१७९१) हा चर्च ऑफ इंग्लंडचा दीक्षित पाळक. ऑक्सफर्डमध्ये तो आणि त्याचे सोबती ठरावीक शिस्तीने प्रार्थना, उपवास आणि तुरुंगभेटी करत. त्यावरून लोकांनी चिडवण्यासाठी ठेवलेलं ‘मेथॉडिस्ट’ हे नाव पुढे चिकटलं. २४ मे १७३८ रोजी लंडनमधल्या एका सभेत त्याला तारणाची खात्री पटली, आणि १७३९ पासून तो उघड्यावर, खाणकामगारांपुढे उपदेश करू लागला.

खरी ताकद उपदेशापेक्षा ‘वर्गा’त होती. साधारण बारा जणांचा एक वर्ग असे. आठवड्यातून एकदा जमायचं, आपला आठवडा कसा गेला ते सांगायचं आणि एक पेनी द्यायची. दर तीन महिन्यांनी सभासदाला तिकीट मिळे: पत्त्याच्या पानापेक्षाही लहान कागद, वर शास्त्रातलं एक वचन, खाली शाईने लिहिलेलं सभासदाचं नाव. ज्याचं नाव आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कागदावर कुणी आदराने लिहिलं नव्हतं, त्याच्या हातात हे तिकीट पडलं की त्याला काय वाटत असेल, हा विचार मी नेहमी करते.

३. ‘चर्च’ आणि ‘चॅपल’ यांत फरक काय? आपण तर दोन्हीला देऊळच म्हणतो.

इंग्लंडमध्ये, निदान त्या काळी, हा फरक मोठा होता. ‘चर्च’ म्हणजे सरकारमान्य चर्च ऑफ इंग्लंडचं पॅरिश चर्च (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा परिसर), आणि त्याबाहेरच्यांचं ते ‘चॅपल’. “ते चर्चवाले, आम्ही चॅपलवाले” हे सांगितलं की माणसाचा दर्जा, राजकारण आणि शेजारपाजारही कळायचा.

फाइलीचं पॅरिश चर्च म्हणजे सेंट ऑस्वल्ड्स, नॉर्मन काळातलं. त्याच्या मनोऱ्यावरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्रा माशाच्या आकाराचा आहे. चर्च एका खोल घळीच्या पलीकडे आहे आणि जुनी जिल्हाहद्द त्या घळीतूनच जायची. त्यामुळे गाव ईस्ट रायडिंगमध्ये, तर चर्च आणि कबरस्तान नॉर्थ रायडिंगमध्ये. कुणी फार आजारी असलं की गावकरी म्हणत, आता हा लवकरच नॉर्थ रायडिंगला जाणार.

४. एवढ्याशा गावात मेथॉडिस्टांची दोन वेगवेगळी चॅपल कशी?

कारण वेस्लीनंतर मेथॉडिस्टांमध्ये फूट पडली. मूळ प्रवाहाला वेस्लियन म्हणत. ते फाइलीत आधी आले. दुसरे प्रिमिटिव्ह मेथॉडिस्ट, त्यांचं काम इथे १८२३ मध्ये रुजलं. मच्छीमारांची घरं मोठ्या संख्येने ज्या चॅपलकडे वळली ते या दुसऱ्यांचं, म्हणून हे पान मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे. दोघे पुन्हा एक कसे झाले ते प्रश्न १४ मध्ये आहे.

५. ‘प्रिमिटिव्ह’ म्हणजे मागासलेले का?

नाही. इथे त्याचा अर्थ ‘आद्य’, म्हणजे मेथॉडिस्ट चळवळ सुरुवातीला जशी होती तशी. ३१ मे १८०७ रोजी ह्यू बॉर्न आणि सोबत्यांनी मो कॉप नावाच्या टेकडीवर दिवसभराची उघड्यावरची प्रार्थनासभा भरवली. अशा सभा वेस्लियन पुढाऱ्यांना बेशिस्त वाटल्या. १८०८ मध्ये बॉर्नला आणि पुढे विल्यम क्लाउझला त्यांनी सभासदत्वातून काढलं. दोघांचे अनुयायी १८११ मध्ये एकत्र आले आणि १८१२ मध्ये त्यांनी हे नाव घेतलं. बाहेरचे लोक त्यांना ‘रँटर’, म्हणजे आरडाओरडा करणारे, असं हिणवत, कारण ते रस्त्यातून मोठ्याने गात जात.

६. १८२३ साली फाइलीत काय घडलं?

क्लाउझ जानेवारी १८१९ मध्ये हल शहरात आला आणि तिथून प्रिमिटिव्ह मेथॉडिस्ट प्रचारक किनाऱ्याने वर सरकत ब्रिडलिंग्टनपर्यंत पोचले. फाइलीत मात्र त्यांची डाळ शिजेना. एकामागून एक प्रचारक गेले आणि टवाळी सोसून परत आले. शेवटी १८२३ मध्ये ब्रिडलिंग्टनच्या बैठकीत विषय निघाला: फाइली सोडून द्यायची का?

त्या बैठकीत जॉन ऑक्सटोबी होता. १७६७ चा जन्म, म्हणजे वय पन्नाशीच्या पुढे. शेतमजुरी केलेला माणूस, शिक्षण बेताचं, बोली अस्सल यॉर्कशरची. तासन्तास गुडघ्यांवर असायचा म्हणून लोक त्याला ‘प्रार्थनावाला जॉनी’ म्हणत. त्याने सोडून द्यायला साफ नकार दिला. देवाला फाइलीत मोठं काम करायचंय, मला पाठवा, बटाटे आणि मीठ खाऊन राहीन, गरज पडली तर फळीवर झोपेन, असं तो म्हणाला. बैठकीने त्याला पाठवलं.

तो पायी निघाला. मस्टन गावाजवळच्या चढावरून फाइली दिसू लागली तसा तो रस्त्याकडेला गुडघ्यांवर बसला. तिथून जाणाऱ्या एका गिरणीवाल्याला आवाज ऐकू आला. त्याला वाटलं दोन माणसं भांडताहेत. जवळ जाऊन पाहतो तर एकटा जॉनी देवाशी वाद घालत होता: तू माझी फजिती करू नकोस, मी ब्रिडलिंग्टनला सांगून आलोय की तू फाइलीत काम करणार आहेस, आता तसं झालं नाही तर मी त्यांना तोंड कसं दाखवू? बऱ्याच वेळाने तो उठला आणि म्हणाला, झालं प्रभू, फाइली जिंकली, फाइली जिंकली!

मग गावात शिरून रस्त्यात गाऊ लागला आणि उपदेश करू लागला. या खेपेला लोक थांबून ऐकू लागले आणि बरेच जण त्याच्या शब्दांनी हेलावले. अशा जागृतीला आपण संजीवन म्हणतो. त्यातून जी मंडळी उभी राहिली ती टिकली.

७. ही गिरणीवाल्याची गोष्ट खरी मानायची का? की भक्तांनी रचलेली?

प्रश्न रास्त आहे. प्रसंग एका वाटसरूने ऐकलेला, तोंडी पसरलेला आणि पंथाच्या लोकांनी लिहून ठेवलेला आहे, म्हणून शब्द वेगवेगळ्या ठिकाणी थोडे वेगळे सापडतात. नेमक्या शब्दांवर कुणी पैज लावू नये.

पण गोष्टीच्या आधी काय होतं आणि नंतर काय झालं, त्याबद्दल शंका नाही. आधी प्रचारक हात हलवत परतत होते, आणि नंतर गावात चॅपल उभं राहिलं. जॉनीच्या स्वभावाची साक्षही अनेक ठिकाणी मिळते. माझं मत विचाराल तर ती प्रार्थना मला खरी वाटते, कारण रचणाऱ्याने संताच्या तोंडी अधिक सभ्य शब्द घातले असते. “मला लोकांपुढे तोंडघशी पाडू नकोस” हे शेतमजुराचंच बोलणं आहे.

८. चॅपल कधी बांधलं? ‘बेथेस्दा’ आणि ‘एबेनेझर’ अशी दोन नावं का येतात?

एकाच मंडळीची ती दोन घरं आहेत. पहिलं बेथेस्दा, १८२३ च्या जागृतीनंतर उभारलेलं. योहानाच्या शुभवर्तमानात यरुशलेमेतलं जे तळं आहे, जिथे अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस बरा झाला, त्याचं हे नाव. मंडळी वाढली, ते अपुरं पडू लागलं आणि १८७०–७१ च्या सुमारास मोठं एबेनेझर बांधलं. हे नाव शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातलं: शमुवेलाने धोंडा उभा केला आणि देवाने इथवर आपल्याला साहाय्य केलं असं म्हणाला. दर हिवाळ्यात कुणाचा ना कुणाचा माणूस समुद्रात राहणाऱ्या गावाने ‘इथवर’ हा शब्द निवडला.

जुन्या कागदात नुसतं ‘प्रिमिटिव्ह चॅपल’ असेल तर साल पाहा. १८७० च्या आधीचं असेल तर बेथेस्दा समजा.

९. बाहेरच्या कुणी या मंडळीबद्दल लिहिलंय का? सगळं पंथाच्याच लोकांकडून ऐकायचं का?

लिहिलंय. कादंबरीकार शार्लट ब्राँटी १८४९ आणि १८५२ मध्ये फाइलीला राहिली होती. ती चर्च ऑफ इंग्लंडच्या पाळकाची मुलगी, म्हणजे मेथॉडिस्टांची बाजू घेणारी नव्हे. जून १८५२ मध्ये तिने वडिलांना लिहिलं, की फाइलीचा पाळक भला आहे पण अगदीच निष्क्रिय, आणि मेथॉडिस्टांची भरभराट आहे. ऑक्सटोबी वारल्याला तेव्हा बावीस वर्षं होऊन गेली होती.

१०. मच्छीमारांनी रविवारी मासेमारी बंद केली ती कायद्याने की चॅपलच्या हुकमाने?

दोन्ही नाही. हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि बहुतेक जण तो चुकीच्या टोकाने धरतात.

आधी मासेमारी कशी चालायची ते पाहा. हिवाळ्यात कॉड आणि हॅडकसाठी शेकडो गळ लावलेल्या लांब दोऱ्या समुद्रात सोडत. प्रत्येक गळाला आमिष हाताने लावायचं. मासा आज आहे, उद्या वाऱ्याने दिशा बदलली की होडी वाळूवरून हलणारही नाही. वादळी आठवड्यात रविवार हा एकच निवांत दिवस मिळू शकतो. त्या दिवशी होडी बाहेर न काढणं म्हणजे कधीकधी अख्ख्या आठवड्याची कमाई सोडणं. होडीत भागीदार असतात, शेजारची होडी जाते, आणि सोमवारी बाजारात तिचा मासा आधी पोचतो.

अशा स्थितीत फाइलीच्या काही होड्यांनी रविवारी जायचं थांबवलं. सुरुवातीला मोजक्याच होत्या, मग इतर आल्या, आणि पुढे तो गावाचाच रिवाज झाला. ज्यांनी रविवार पाळला त्यांचा मासा काही कमी झाला नाही, हे चॅपलमध्ये साक्ष देताना अभिमानाने सांगत. यामागे सबंध विश्रांती घेतलेल्या माणसांचाही हात असणार, असं मला वाटतं. देवाच्या आशीर्वादाला त्यामुळे काही कमीपणा येत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. बुडणाऱ्याला वाचवणं हे ‘काम’ नव्हे. लाइफबोट रविवारीही जाते. शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, हे प्रभूचं वचन सगळ्यांना पाठ होतं.

११. रविवारच्या मासेमारीवरून दंगल झाली आणि लष्कर आलं, ते फाइलीतच ना?

नाही. ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन गावात झालं, मे १८९६ मध्ये. तिथले मच्छीमारही बहुतेक मेथॉडिस्ट आणि रविवार पाळणारे. पूर्व किनाऱ्यावरच्या लोस्टॉफ्टकडच्या होड्या मात्र रविवारी मासा धरून सोमवारी त्यांच्याच धक्क्यावर उतरवत आणि चांगला भाव घेत. चिडलेल्या न्यूलिनकरांनी त्या होड्यांवरचे सुमारे एक लाख बांगडे समुद्रात ओतले, आणि सरकारने सैनिक पाठवले. दोन्ही ठिकाणी मुद्दा तोच असल्याने सांगताना गल्लत होते.

१२. या सगळ्यात बायका कुठे होत्या?

सगळीकडे होत्या. आधी पोटापाण्याचं सांगते. गळाला लावायचं आमिष म्हणजे ‘फ्लिदर’: खडकाला घट्ट चिकटून बसणारी, उलट्या वाटीच्या आकाराची शिंपली. ती गोळा करायचं काम मुली आणि बायका करत. ओहोटीची वेळ साधून, पाठीवर टोपली घेऊन, दोराच्या आधाराने कडा उतरायचा, सुरीने एकेक शिंपली सोडवायची आणि भरली टोपली घेऊन पुन्हा कडा चढायचा. वर घरी येऊन शिंपली सोलून शेकडो गळांना लावायची, तीही दोरी गुंतणार नाही अशा घड्या घालत. १८६० च्या दशकात आर्थर मन्बी या लंडनच्या माणसाने या फ्लिदरवाल्या मुलींबद्दल आपल्या रोजनिशीत तपशिलाने लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला हे इतकं जवळून दिसतं.

रविवारची सुट्टी या बायकांनाही मिळाली, हे कुणी सांगत नाही. होडी जाणार नसेल तर आमिषही लागत नाही.

आता चॅपलबद्दल. प्रिमिटिव्ह मेथॉडिस्टांत स्त्रियांना उपदेश करता येत असे. सुरुवातीच्या दशकांत त्यांच्यात पगारी फिरत्या स्त्री-उपदेशक होत्या. वेस्लियनांनी १८०३ मध्येच स्त्रियांच्या उपदेशावर कडक बंधनं घातली होती. पुढे प्रिमिटिव्ह पंथातही त्या कमी होत गेल्या. शेवटची फिरती स्त्री-उपदेशक एलिझाबेथ बुल्टिट्यूड १८६२ मध्ये निवृत्त झाली. त्यानंतरच्या काळातल्या फोटोंत व्यासपीठावर पुरुषच दिसतात, त्यावरून सुरुवातही तशीच होती असं धरू नका.

१३. फाइलीचं गायनमंडळ निळी स्वेटरं घालून गातं. बुडालेल्या माणसाची ओळख त्या नक्षीवरून पटायची, हे खरं का?

त्या स्वेटराला ‘गॅन्सी’ म्हणतात. गडद निळी पिळदार लोकर, पाच बारीक सुयांवर गोल विणलेली, मध्ये शिवण नाही. वीण इतकी घट्ट की वारा आत शिरत नाही. बाह्या मनगटाच्या थोड्या वरच संपतात, म्हणजे ओल्या कडेने कातडी सोलत नाही. गायनमंडळाची परंपरा चॅपलच्या उत्साही गाण्यातून आली. फाइलीचे मच्छीमार इतर गावांत जाऊन गात आणि साक्ष देत, ते याच वेषात.

ओळख पटण्याचं बोलायचं तर प्रत्येक गावाची पक्की ठरलेली नक्षी होती ही समजूत अर्धवट आहे. बायका एकमेकींच्या नक्ष्या उचलत, लग्न होऊन दुसऱ्या गावी नेत. काही गॅन्सींवर नावाची आद्याक्षरं विणलेली असत, त्यांनी ओळख पटू शकत होती. आणि बायको आपल्या हातचं विणकाम ओळखणारच. गावाच्या नक्षीवरून प्रेतं घरी पोचत, हा मात्र नंतर फुगवलेला भाग आहे.

१४. मग आज ‘प्रिमिटिव्ह मेथॉडिस्ट’ का सापडत नाहीत?

२० सप्टेंबर १९३२ रोजी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये वेस्लियन, प्रिमिटिव्ह आणि युनायटेड मेथॉडिस्ट एक झाले. कागदावर एकी एका दिवसात झाली. गावोगाव मात्र दोन-दोन इमारती आणि दोन-दोन सवयी होत्या. “आजोबांनी बांधलेलं बंद करायचं ते कुणाचं?” या प्रश्नाला बऱ्याच ठिकाणी कित्येक दशकं लागली. फाइलीतही शेवटी मंडळी एकत्र आली आणि एबेनेझर उपासनेसाठी वापरात राहिलं नाही.

१५. माझ्या सासरचे पूर्वज फाइलीचे. ते कट्टर चॅपलवाले होते असं सांगतात, पण लग्नाची नोंद सेंट ऑस्वल्ड्समध्ये निघाली. मग घरची गोष्ट खोटी का?

अजिबात नाही. १८३७ च्या आधी क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडले तर सगळ्यांना पॅरिश चर्चमध्येच लग्न करावं लागे. नंतर चॅपलमध्ये लग्न करता येऊ लागलं, तरी १८९८ च्या कायद्यापर्यंत सरकारी नोंदणी अधिकारी हजर लागायचा. म्हणून कित्येक जण चर्चमध्येच लग्न लावत.

दफनाचंही तसंच. पॅरिशच्या कबरस्तानात चॅपलच्या पाळकाला आपल्या पद्धतीने दफनविधी करायची मुभा १८८० च्या कायद्याने मिळाली. तोवर आयुष्यभर चॅपलमध्ये गाणारा माणूसही शेवटी घळ ओलांडून (प्रश्न ३ पाहा) चर्चच्या पाळकाच्या हातूनच मातीत जायचा.

बाप्तिस्म्यासाठी मात्र चॅपलच्या वह्या शोधा. १८३७ पर्यंतच्या अशा अनेक वह्या सरकारजमा झाल्या आणि लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘आर.जी. ४’ या मालिकेत आहेत. ३० मार्च १८५१ च्या धार्मिक जनगणनेत प्रत्येक चॅपलची त्या रविवारची उपस्थिती नोंदवली गेली, ती ‘एच.ओ. १२९’ मध्ये मिळते.

१६. आपण महाराष्ट्रातले मेथॉडिस्ट. आपलं या मंडळीशी नातं काय?

चुलत नातं म्हणा. प्रिमिटिव्ह मेथॉडिस्टांचं परदेशी काम मुख्यतः आफ्रिकेत होतं. मुंबईशी पहिला संबंध वेस्लियनांचा आला, तोही अचानक. वेस्लियन पुढारी थॉमस कोक सहा तरुण प्रचारकांना घेऊन सिलोनला निघाला असता ३ मे १८१४ रोजी हिंदी महासागरात, जहाजावरच वारला. पुढारी गमावलेले त्याचे सोबती त्याच महिन्यात मुंबईला उतरले आणि मग सिलोनमधल्या गॉल बंदराला गेले.

आपल्याकडची मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया मात्र अमेरिकन शाखेतून आली. १८५६ मध्ये विल्यम बटलर उत्तरेत आला, आणि १८७१ मध्ये विल्यम टेलरने मुंबईत काम सुरू केलं. त्याला जॉर्ज बोएन येऊन मिळाला, ज्याच्या नावाचं बोएन मेमोरियल चर्च मुंबईत आहे. ही मंडळी १९८१ मध्ये स्वायत्त झाली. उत्तर भारतातले ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्ट १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये (सी.एन.आय.) गेले. म्हणजे त्या दृष्टीने फाइलीचे जवळचे भाऊबंद आपल्याकडे सी.एन.आय.मध्ये आहेत. हे ऐकून बरेच जण चकित होतात.

१७. भेट द्यायची तर काय पाहावं?

कोबल लँडिंगपासून सुरुवात करा, मग घळ ओलांडून सेंट ऑस्वल्ड्सचं कबरस्तान पाहा. दगडांवर ‘समुद्रात बुडाला’ ही ओळ किती वेळा येते ते मोजू लागलात तर अर्धा तास कसा जातो कळत नाही. मस्टनची वाट गावापासून तीनेक किलोमीटरवर आहे. चालत जा आणि परत येताना गाव दिसू लागेल तिथे थांबा. ब्रिगवर जायचं असेल तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि भरती सुरू व्हायच्या आत परत फिरा. मी गेले त्या दिवशी पाणी चढत होतं, म्हणून अर्ध्यातूनच मागे आले.